परदेशी धाडावयाचा पैसा आणि हुंडणावळीचा दर

(परदेशी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर दिलेले भाषण)

गिरणगावातून कोकणात जाणारी मनीऑर्डर हा महाराष्ट्राच्या अर्थजीवनातील एक मोठा अध्याय आहे. मुंबईच्या गिरणीत राबणारा मुलगा पगार होताच टपाल कचेरीच्या खिडकीशी उभा राही आणि काही दिवसांनी रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या वाडीत पोस्टमन त्याच्या आईच्या हातावर पैसे मोजी. त्या व्यवहारात एक गोष्ट अगदी स्वच्छ होती. शंभर रुपये धाडले तर घरी शंभरच पोहोचत. टपाल खात्याचे कमिशन वेगळे घेतले जाई आणि ते पाठवणाऱ्याला आधी ठाऊक असे. अक्षरओळख नसलेल्या कामगारालाही पैसे पाठवण्यास किती खर्च आला, हे कोणी समजावून सांगावे लागत नसे.

आता कित्येक घरांतून हा प्रवाह उलट्या दिशेने वाहू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, अमेरिकेत, आयर्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात शिकत असते आणि कराड, नाशिक किंवा लातूर येथे राहणारे आईवडील तिला दरमहा पैसे धाडतात. रक्कम मोठी, मुदत दोन-तीन वर्षांची आणि तिच्यामागे बहुधा भविष्यनिर्वाह निधी, एखादा जमिनीचा तुकडा किंवा बँकेचे कर्ज. परंतु हे पैसे पाठवण्यास नेमका किती खर्च येतो, असे आज येथे जमलेल्या पालकांना विचारले तर बहुतेकजण बँकेने लावलेले पाचशे किंवा हजार रुपये सांगतील. खरा खर्च तो नव्हे. तो विनिमय दराच्या पोटात दडलेला असतो आणि पावतीवर त्याला स्वतंत्र ओळ नसते.

हुंडणावळ

मराठीत यासाठी एक जुना शब्द आहे, हुंडणावळ. पेशवाईत पुण्याहून काशीस पैसा जाई तो हुंडीने. एका गावच्या नाण्याचा दुसऱ्या गावच्या नाण्याशी भाव ठरवून आणि जोखमीचा मोबदला धरून सावकार जो आकार घेई, ती हुंडणावळ. पुढे इंग्रजी अमदानीत हाच शब्द रुपया आणि पौंड यांच्या दरासाठी रूढ झाला. रुपया १ शिलिंग ४ पेन्सांचा असावा की १ शिलिंग ६ पेन्सांचा, या वादाने त्या काळच्या वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले होते.

हा वाद केवळ व्यापाऱ्यांचा नव्हता. १९२० साली सरकारने रुपयाचा भाव २ शिलिंग ठरवला आणि वर्षभराच्या आतच बाजारात तो १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली घसरला. रुपयांत जमवलेल्या पुंजीवर लंडनमध्ये राहणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याच्या हाती त्यामुळे कितीतरी कमी पौंड पडू लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुन्हा लंडनला गेले ते याच १९२० सालात. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ रुपयाच्या याच प्रश्नाचा शोध घेणारा आहे. परदेशी शिक्षण आणि हुंडणावळ यांची गाठ अशी शंभर वर्षांची जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ प्रश्न दराचा नव्हताच, परवानगीचा होता. परकीय चलनाचा साठा तुटपुंजा, त्यामुळे निर्बंध कडक. अवघे ८ डॉलर खिशात घालून परदेशी उतरल्याच्या कथा त्या पिढीतील अनेक घरांत सांगितल्या जातात. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याची जागा १ जून २००० पासून परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने घेतली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत धनप्रेषण योजना सुरू केली. प्रत्येक निवासी व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम विनापरवानगी बाहेर पाठवण्याची मुभा तीतून मिळाली. ही मर्यादा २०१५ मध्ये २,५०,००० डॉलर झाली, आणि शिक्षणसंस्थेने दिलेला खर्चाचा अंदाज त्याहून अधिक असेल तर तेवढी रक्कमही पाठवता येते. म्हणजे सामान्य कुटुंबाची परवानगीची अडचण संपली. पण ती संपताच, तोपर्यंत कोणी फारसा न विचारलेला प्रश्न पुढे आला: कोणत्या भावाने?

दराच्या पोटातील खर्च

बँका एकमेकींशी मोठ्या रकमांची देवघेव ज्या भावाने करतात तो बाजारभाव. ग्राहकाला तो मिळत नाही. परदेशी पैसे पाठवणाऱ्यास बँक जो भाव लावते त्यास टी. टी. सेलिंग दर म्हणतात आणि तो बाजारभावाहून काहीसा चढा असतो. हा फरक हीच बँकेची मिळकत. मिळकत घेण्यात गैर काही नाही, कारण सेवेला मोल असते. मात्र हा फरक बँकेगणिक, रकमेगणिक आणि पुष्कळदा ग्राहक विचारतो की नाही यावरही बदलतो, ही लक्षात घ्यावयाची बाब होय.

समजा, युरोचा बाजारभाव १०० रुपये आहे आणि पालकाला १,००० युरो पाठवावयाचे आहेत. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. पहिली बँक पाठवणावळ ५०० रुपये सांगते आणि १०२.५० रुपये दर लावते. दुसरी बँक पाठवणावळ १,००० रुपये सांगते, पण तिचा दर १००.८० रुपये आहे. वरवर पाहता पहिली बँक निम्म्या खर्चाची वाटते. आता कर धरून हिशेब करावा. चलन बदलून देण्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर लागतो. एक लाख रुपयांपर्यंत रकमेचा १ टक्का हे सेवेचे मूल्य मानतात आणि त्यावरील भागाचा, दहा लाखांपर्यंत, अर्धा टक्का. या मूल्यावर कर १८ टक्के. दोन्ही उदाहरणांत तो सुमारे १८० रुपयांच्या घरात जातो. पाठवणावळीवरही १८ टक्के कर आहेच. हे सर्व मिळवले की पहिल्या बँकेत पालकाच्या खात्यातून सुमारे १,०३,२७२ रुपये जातात आणि दुसरीत १,०२,१६१. महागडी वाटणारी बँक दरमहा १,१११ रुपयांनी स्वस्त ठरते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हा फरक २६,००० रुपयांच्या पुढे जातो. विद्यार्थ्याचा तेथील काही आठवड्यांचा जेवणखर्च त्यातून भागेल.

म्हणून पाठवणावळ किती आणि दर किती असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘मुलाच्या खात्यात बरोबर १,००० युरो जमा व्हावयाचे असतील तर माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ असा एकच प्रश्न, एकाच दिवशी आणि शक्यतो एकाच तासात, दोन-तीन बँकांना विचारावा. सकाळचा भाव आणि दुपारचा भाव यांची तुलना करणे व्यर्थ आहे. चलनाचा बाजार शनिवारी-रविवारी बंद असतो. सोमवारी भाव कसा उघडेल याची धास्ती असल्याने सुट्टीच्या दिवशी लावलेल्या दरात बहुधा थोडी जास्तीची तजवीज केलेली असते. तेव्हा हे काम आठवड्याच्या मधल्या दिवशी उरकलेले बरे.

सकाळी फलकावर किंवा संकेतस्थळावर लागणारा दर हा लहान रकमांसाठी असतो. मोठ्या रकमेसाठी शाखा व्यवस्थापकामार्फत बँकेच्या ट्रेझरी विभागाकडे सवलतीचा दर मागता येतो. दर महिन्याला, दोन वर्षे नेमाने पैसे पाठवणार असलेला ग्राहक बँकेलाही हवा असतो. हे पहिल्याच भेटीत सांगावे. भाजी घेताना घासाघीस करणारा गृहस्थ बँकेत शिरताच संकोचून जातो आणि छापील दर हा जणू सरकारी दर आहे असे मानून सही करतो. तो सरकारी दर नव्हे.

डॉलर घेणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच सुरू केला. आपल्या बँकेमार्फत नोंदणी केलेल्या ग्राहकास तेथे डॉलर बाजारभावाने घेता येतो आणि बँक आधी जाहीर केलेले आपले शुल्क त्यावर वेगळे आकारते. म्हणजे मनीऑर्डरची जुनी स्वच्छता येथे पुन्हा येते. भाव वेगळा, कमिशन वेगळे. या मंचाचा वापर करावयाचा नसला तरी त्याची माहिती असलेल्या ग्राहकाशी बँक अधिक जपून बोलते, असा व्यवहाराचा न्याय आहे.

वाटेत होणारी कपात हा निराळा विषय. परदेशी जाणारा पैसा बहुधा स्विफ्ट या संदेशव्यवस्थेमार्फत, एक-दोन मध्यस्थ बँकांच्या हातून जातो. त्या बँका आपला आकार मूळ रकमेतून कापून घेऊ शकतात. १,००० युरो पाठवले आणि ९८५ पोहोचले, तर घरखर्चात चालून जाते. पण विद्यापीठाच्या शुल्काचे पंधरा युरो कमी पडले तर ते शुल्क भरलेच नाही असे गणले जाण्याचा धोका असतो. सत्राची नोंदणी त्यावर अवलंबून आणि पुष्कळ ठिकाणी वास्तव्याचा परवाना नोंदणीवर. यासाठी फॉर्ममध्ये सर्व आकार पाठवणाऱ्याकडे, म्हणजे ‘आउर’, असा पर्याय असतो. दोघांनी वाटून घेण्याचा पर्याय ‘शा’ आणि सगळा आकार घेणाऱ्यावर टाकणारा ‘बेन’. शुल्क भरताना पहिलाच पर्याय निवडावा, मग त्यासाठी थोडे अधिक पडले तरी चालेल.

भाव उतरण्याची वाट

दर चांगला मिळावा या इच्छेपोटी पालक दुसरीही एक गोष्ट करतात. ते थांबतात. वर्तमानपत्रात डॉलर चढल्याची बातमी येते, ‘आठवडाभरात उतरेल’ असे कोणीतरी सांगतो आणि पैसे पाठवणे लांबते. मे २०१३ च्या आरंभी डॉलर सुमारे ५४ रुपयांना मिळत होता. जून-जुलैमध्ये तो ६० च्या आसपास गेला, तेव्हा उतरेल म्हणून कित्येक थांबले. २८ ऑगस्ट रोजी तो ६८ रुपयांच्या पुढे गेला. शरद ऋतूतील सत्राचे शुल्क भरण्याचे ते दिवस. ज्यांना थांबणे शक्य नव्हते त्यांनी त्या भावाने डॉलर घेतले आणि ऑक्टोबरमध्ये तोच डॉलर ६२ रुपयांच्या आसपास उतरलेला पाहिला. त्याच वर्षी १४ ऑगस्टला वार्षिक मर्यादाही २,००,००० डॉलरवरून ७५,००० डॉलरवर आणण्यात आली होती. भाव उद्या काय होईल हे मोठमोठ्या बँकांच्या चलनविभागांनाही खात्रीने सांगता येत नाही. जिल्ह्याच्या गावी बसून ते ओळखण्याचा आव आणू नये.

नेमाने पाठवणाऱ्याला याहून साधा मार्ग उपलब्ध आहे. वर्षाची गरज चार किंवा सहा भागांत वाटावी, प्रत्येक भागाची तारीख आधी ठरवावी आणि त्या तारखेस भाव काहीही असो, रक्कम पाठवावी. यात सर्वांत स्वस्त भाव मिळणार नाही, पण सगळी रक्कम सर्वांत महाग दिवशी घ्यावी लागण्याची आपत्तीही टळेल. वर्षाची सरासरी हाती लागेल. दरमहा की तिमाहीला, हा प्रश्न खर्चाचा आहे. पाठवणावळ प्रत्येक खेपेला लागते. बारा खेपांऐवजी चार खेपा केल्या तर ती एक तृतीयांश होते. वर सांगितलेल्या करातही किंचित बचत आहे. एक लाख रुपये तीनदा बदलले तर कर ५४० रुपये होतो, तीन लाख एकदाच बदलले तर ३६०. मुलाच्या हाती तीन महिन्यांचे पैसे एकदम दिले तर ते टिकतील काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावे.

याहूनही महत्त्वाची बाब म्हणजे विद्यार्थ्याच्या परदेशातील खात्यात निदान एका महिन्याचा खर्च कायम शिल्लक असणे. ही शिल्लक असली म्हणजे बँकेची सुट्टी, कागदपत्रातील चूक किंवा भावातील एखादी उसळी यांमुळे घरभाडे अडत नाही. निकड नसलेल्या माणसालाच दोन बँकांत विचारपूस करण्याची उसंत मिळते.

जर्मनीला जाणाऱ्यांचे थोडे वेगळे आहे. तेथील विद्यार्थी व्हिसासाठी बहुधा वर्षाच्या निर्वाहाची रक्कम एका अवरुद्ध खात्यात आगाऊ भरावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. पहिल्या वर्षी येथे भाग पाडण्यास फारसा वाव राहत नाही. दराची चौकशी मात्र अधिकच कसोशीने करावी, कारण रुपयाभराच्या फरकाने ११,९०४ रुपये जातात. युरोचा भाव डॉलरमार्फत ठरत असल्याने त्यात फरकाला अधिक जागा असते. ऊस उत्पादक शेतकऱ्याच्या घरी पैसा येतो तो हंगामात. व्हिसाची तयारी उन्हाळ्यात असेल तर ती रक्कम आधीच निराळी बांधून ठेवणे त्याला भाग आहे. शिवाय त्याचे खाते बहुधा जिल्हा सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असते. परकीय चलनाच्या व्यवहारांचा परवाना सर्वच बँकांना नसतो. त्यामुळे परवानाधारक बँकेत वेळेवर खाते उघडून ते काही महिने चालू ठेवावे. ऐनवेळी उघडलेल्या खात्यातून दहा-बारा लाख बाहेर पाठवू लागल्यास मागील व्यवहारांचे उतारे आणि पैशाचा उगम यांची विचारणा होते, आणि ती होणे रास्तही आहे.

कर आणि कागद

ऑक्टोबर २०२० पासून परदेशी पाठवलेल्या रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जातो. प्रथम ७ लाख रुपयांवरील भागाला तो लागू होता. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली आणि विहित वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवरील हा कर रद्द झाला. स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर २०२५-२६ या वर्षी दर ५ टक्के होता. अर्थसंकल्पागणिक तो बदलत आला असल्याने पाठवण्यापूर्वी बँकेत खात्री करून घ्यावी. जर्मनीच्या उदाहरणात १०० रुपये भावाने ११,९०,४०० रुपये होतात. त्या वर्षीच्या दराने १,९०,४०० रुपयांवर ९,५२० रुपये कापले गेले असते. हा पैसा बुडत नाही. तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर त्याच्या देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. ज्याचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे आणि ज्याने कधी विवरणपत्र भरलेले नाही, अशा शेतकऱ्यालाही हा परतावा हवा असेल तर ते भरावेच लागते. पुष्कळांची रक्कम येथेच अडकून राहते.

१० लाखांची मर्यादा व्यक्तीगणिक असते. आई व वडील या दोघांचे स्वतंत्र पॅन असतील आणि दोघांनी आपापल्या खात्यातून निम्मा-निम्मा भार उचलला, तर बहुतेक घरांना हा कर लागणारच नाही. वर्ष एप्रिल ते मार्च असे धरले जाते, हेही हप्त्यांच्या तारखा ठरवताना ध्यानी असावे.

बँकेत भरावयाच्या ए-२ फॉर्ममध्ये रकमेचा हेतू लिहावा लागतो आणि तेथे झालेली चूक महागात पडते. ‘निकटच्या नातेवाइकाचा निर्वाह’ असा हेतू लिहिला तर तो शिक्षणाच्या सदरात बसत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून अशा इतर हेतूंसाठी मर्यादेवरील रकमेला २० टक्के दर लागू झाला. विद्यार्थ्याचे घरभाडे, जेवणखाण आणि प्रवासाचे तिकीट हा शिक्षणाचाच खर्च धरला जातो. तेव्हा हेतू ‘परदेशातील शिक्षण’ हाच लिहावा आणि प्रवेशपत्राची प्रत जोडावी.

शेवटी, एका प्रचलित सोयीविषयी. शेजारच्या कुटुंबातील मुलगा परदेशी नोकरीला असतो आणि त्याला इकडे आईकडे पैसे द्यावयाचे असतात. तेव्हा ‘तुम्ही येथे माझ्या आईला रुपये द्या, मी तेथे तुमच्या मुलीला युरो देतो’ असे ठरते. बँक नाही, फरक नाही, कर नाही. दोन्ही घरांना ही केवळ शेजारधर्माची बाब वाटते. परंतु परवानाधारक बँकेला वगळून केलेली अशी अदलाबदल परकीय चलन व्यवस्थापन कायद्यास मान्य नाही. हवाला जसा बेकायदा, तशीच हीही. या कायद्याखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. शिवाय हवाल्यातून परदेशातील खात्यात आलेला पैसा कोणत्या व्यवहारातला आहे, हे विद्यार्थ्याला कळण्याचा मार्ग नसतो. तेथील बँकेने विचारणा केली तर उत्तर त्या विशी-बाविशीच्या मुलीला एकटीने द्यावे लागते, आणि तेव्हा तिचे खाते बंद पडलेले असते.

बँकेतून पाठवलेल्या प्रत्येक रकमेची पावती, तिच्यावरील दर, पोहोचलेली रक्कम आणि त्या दिवसाचा बाजारभाव अशी चार रकान्यांची वही घरात ठेवावी. तीन-चार खेपांत कोणत्या बँकेचा फरक वाढतो आहे हे दिसू लागते. पहिल्या खेपेला सवलत देऊन पुढे हळूच दर चढवण्याची पद्धत या व्यवसायात अपरिचित नाही. शिक्षण संपून मुलगा नोकरीला लागला आणि घरी पैसे पाठवू लागला तरी हीच वही चालेल. बँक तेव्हा खरेदीचा, म्हणजे टी. टी. बाइंग दर लावील आणि तो बाजारभावाच्या खाली असेल, एवढाच बदल.